ट्रेडमार्कची सरकारी पब्लिक सर्च: पाकिटं छापायच्या आधी हे बघाच

आयपी इंडियाच्या, म्हणजे ट्रेडमार्क (धंद्याचं नाव किंवा लोगो) नोंदवणाऱ्या सरकारी खात्याच्या वेबसाईटवर ट्रेडमार्कची पब्लिक सर्च आहे, एकदम फुकट. घरून मसाले, पापड, चिवडा असलं काही विकणाऱ्या प्रत्येकाने नाव पक्कं करायच्या आधी तिथे तासभर तरी बसावं असं मला मनापासून वाटतं.

वहिनीच्या कांदा-लसूण मसाल्यासाठी मी ती भरपूर वापरली. ओटीपी टाकून आत जायचं, मग क्लास, म्हणजे मालाचा प्रकार, निवडायचा. मसाले क्लास 30 मध्ये आणि लोणचं 29 मध्ये, म्हणजे दोन्ही विकणार असाल तर दोन्हीकडे शोधा. वर्डमार्क सर्चमध्ये, म्हणजे शब्दावरून शोधताना, पूर्ण नाव टाकू नका, 'मसाले', 'फूड्स' वगळून फक्त मुख्य शब्द टाका आणि 'कंटेन्स' (तो शब्द असलेली सगळी नावं) निवडा, नंतर फोनेटिकवाली, म्हणजे उच्चार सारखा असलेल्या नावांची सर्चपण करा, कारण एक-दोन अक्षरं बदलली म्हणून नाव वेगळं ठरत नाही.

अमृतधारा आठवतेय का, पोटदुखीवरची? 'लक्ष्मणधारा'वाल्यांनी रजिस्ट्रेशन मागितलं तेव्हा भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. 1962 च्या निकालात कोर्टाने सांगितलं की दोन नावं शेजारी ठेवून अक्षर न अक्षर कोणी ताडून बघत नाही, गिऱ्हाईकाला नाव अर्धवटच आठवत असतं, त्यामुळे नावं एकूण कशी वाटतात, कशी ऐकू येतात ते बघायचं. अमृतधारावाले माहीत असूनही बरीच वर्षं गप्प बसले होते, म्हणून लक्ष्मणधाराला रजिस्ट्रेशन मिळालं खरं, पण फक्त उत्तर प्रदेशपुरतं.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे दुसऱ्यांच्या फायली उघडून वाचता येतात. अर्जाचा नंबर टाकला की स्टेटस दिसतं, ऑब्जेक्टेड (खात्याची हरकत), अपोज्ड (दुसऱ्या कोणाचा विरोध), रिफ्यूज्ड (नाकारलं), आणि खाली एक्झामिनेशन रिपोर्टची, म्हणजे खात्याने अर्ज तपासून काढलेल्या हरकतींची पीडीएफ. त्यात ट्रेडमार्क कायद्याचं कलम 11 लावलेलं असेल तर कोणत्या जुन्या नावाशी साम्य आहे ते त्यात लिहिलेलं असतं. कलम 9 म्हणजे नाव नुसतं वर्णन करणारं आहे. वहिनीला नावात 'कोल्हापुरी' हवंच होतं, पण असे रिपोर्ट वाचल्यावर तिला पटलं की गावाचं नाव किंवा 'झणझणीत' हा शब्द आपल्या एकटीचा होऊ शकत नाही.

आणि पैशाचं बघा, एकट्या माणसाला ऑनलाईन अर्जाची फी एका क्लासला 4500 रुपये, आणि अर्ज नाकारला तर ती परत मिळत नाही. ऑब्जेक्शनला महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. ते पार केलं की नाव खात्याच्या जर्नलमध्ये छापून येतं, मग 4 महिने कोणीही विरोध करू शकतं. एवढं सगळं व्हायच्या आधी फुकटात कळत असेल तर का नाही बघायचं?

उणीव आहेच. ज्यांनी अर्जच केलेला नाही पण वर्षानुवर्षं त्या नावाने धंदा करतायत ते इथे दिसत नाहीत, आणि कलम 34 मुळे त्यांचा हक्क शाबूत राहतो, तेव्हा बाजारात चार दुकानं फिरून बघाच. लोगो शोधायला व्हिएन्ना कोड (चित्रांच्या प्रकारांना दिलेले आकडे) लागतो, तो सामान्य माणसाच्या डोक्यावरून जातो, तिथे माझा एक स्टार कमी. 5 पैकी 4.

मिळतंजुळतं काही दिसलं की त्याचा अर्ज नंबर, क्लास आणि स्टेटस कागदावर लिहून घ्या आणि तोच कागद वकिलासमोर ठेवा.