बेस्टची बस, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर: सगळं पाच किलोमीटरच्या टप्प्यावर येऊन थांबतं

गेल्या हिवाळ्यात स्कूटर बंद पडली. सर्व्हिस सेंटरवाल्याने आधी बॅटरी सांगितली, मग सेल्फ, मग इंजिन खोलावं लागेल म्हणाला. दर फोनला खर्चाचा आकडा वाढत होता आणि काढलेले जुने पार्ट दाखवा म्हटलं की विषय बदलत होता. शेवटी गाडी उचलून घरी आणली, ताडपत्री घातली आणि दादर टीटीच्या थांब्यावर जाऊन उभा राहिलो. तेव्हापासून दादर टीटी ते भायखळा, जाऊन-येऊन, मुंबई महापालिकेची बेस्टची बसच.

मार्ग, ॲप, कार्ड हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. मला तिकिटाबद्दल लिहायचं आहे.

सुरुवात केली तेव्हा पाच किलोमीटरपर्यंत साध्या गाडीला ५ रुपये आणि एसीला ६ रुपये होते. हिंदमाता, परळ टीटी, लालबाग, चिंचपोकळी, आणि मी कामावर हजर. वडापावपेक्षाही कमी पैशांत. हा दर जुलै २०१९ पासूनचा. त्याआधी साध्या गाडीचं किमान तिकीट ८ रुपये होतं आणि एसीचं २०. पालिकेने बेस्टला आर्थिक मदत द्यायची आणि बेस्टने भाडं उतरवायचं, असं तेव्हा ठरलं. भाडं उतरलं आणि शेअर टॅक्सीकडे गेलेली माणसं परत थांब्यावर दिसू लागली.

हे मुंबईत पहिल्यांदा घडलं असंही नाही. ९ मे १८७४ ला इथे घोड्यांची ट्राम सुरू झाली, कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी. भाडं ३ आणे होतं आणि तिकीट द्यायची पद्धतच नव्हती. गर्दी वाढली तसं भाडं उतरवून २ आणे केलं. फुकटे प्रवासी वाढले तेव्हा कुठे तिकिटं छापली. खाजगी कंपनी होती, नफा हवाच होता, तरीही माणसं वाढल्यावर दर खाली आणण्याची समज त्यांच्याकडे होती. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

बसचं मात्र सुरुवातीला उलट होतं. १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटारबस धावली. पुढची बरीच वर्षं बस ही जरा बऱ्या परिस्थितीतल्या लोकांची गाडी होती. ससून डॉक ते दादर ट्रामने दीड आण्यात जाता यायचं, तेवढ्याच अंतराला बस ४ आणे घ्यायची. गिरणीतला माणूस साहजिकच ट्राममध्ये चढायचा. मग १९३७ मध्ये डबल डेकर आल्या, १९४० मध्ये कुलाबा ते माहीम पहिली लिमिटेड, म्हणजे मोजकेच थांबे घेणारी बस, सुटली. ७ ऑगस्ट १९४७ ला, म्हणजे स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, सगळा कारभार पालिकेकडे आला. ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. दादर टीटी आणि परळ टीटी या नावांतला टीटी म्हणजे तेच ट्राम टर्मिनस. ट्राम गेल्यावर गरिबाची गाडी होण्याची जबाबदारी बसवर आली आणि बसने ती कित्येक दशकं निभावली.

ती निभावता आली त्याचं एक कारण वीज. १९०५ साली बेस्टची मूळ कंपनी उभी राहिली तीच वीज आणि ट्राम दोन्हींसाठी, आणि १९०७ मध्ये विजेची ट्राम धावू लागली. शहर भागात, शीव-माहीमपर्यंत, आजही वीज बेस्टचीच. माझ्या घरचं बिल तिथूनच येतं. वर्षानुवर्षं विजेच्या नफ्यातून बसची तूट भरली जायची. २००३ च्या वीज कायद्यानंतर त्यावर हरकती आल्या, प्रकरणं कोर्टात गेली आणि बसचा तो आधार हळूहळू सुटला. ग्राहक म्हणून मला विजेच्या बिलात चार पैसे जास्त गेले तरी चालले असते. त्याच पैशांवर घरात काम करणारी बाई बसने येते.

इथपर्यंतचा मजकूर मी एप्रिलमध्ये लिहून ठेवला होता आणि पाचपैकी पाच तारे द्यायचं ठरवलं होतं. ९ मे २०२५ पासून किमान भाडं साध्या गाडीला १० रुपये आणि एसीला १२ रुपये झालं. एका फटक्यात दुप्पट. म्हणून पुढचा भाग नव्याने लिहितोय.

मला परवडत नाही असं नाही. महिन्याला २६ दिवस धरले तर जाऊन-येऊन २६० रुपयांचे ५२० झाले, एसीने ६२४. स्कूटरपेक्षा अजूनही कितीतरी स्वस्त. पण परळ टीटीला कोण चढतं ते पाहा. केईएम, टाटा, वाडिया, सगळी मोठी रुग्णालयं तिथेच. हातात एक्स-रेचा मोठा पिवळा लखोटा, खांद्याला चादरीची पिशवी आणि चेहऱ्यावर रात्रभराचं जागरण घेऊन माणसं चढतात. जूनमध्ये असेच एक बाबा आणि त्यांची सून माझ्या पुढच्या सीटवर बसले होते. दोघांचे वीस रुपये सांगितल्यावर सुनेने रुमालाची गाठ सोडली, नाणी मांडीवर काढली आणि दोनदा मोजली. कंडक्टर घाई न करता उभा राहिला. "मावशी, बसा आरामात, उतरायचं आलं की सांगतो," एवढंच म्हणाला आणि चिंचपोकळीला स्वतः हाक मारली. आठवड्यातून तीनदा रुग्णालयात ये-जा करणाऱ्या घराला पाचाचे दहा होणं म्हणजे काय, हे कुठल्याही ताळेबंदापेक्षा तिथे जास्त कळलं. रुग्णालयांच्या थांब्यांवरून चढणाऱ्यांसाठी तरी जुना दर ठेवायला हवा होता, असं माझं ठाम मत आहे.

दर वाढवताना गाड्या वाढल्या असत्या तर माझा विरोध एवढा टोकाचा नसता. २०१९ मध्ये कामगार संघटनेबरोबरच्या करारात बेस्टच्या स्वतःच्या ३,३३७ गाड्या राखायचं ठरलं होतं. आज स्वतःच्या गाड्या काही शेंवर आल्या आहेत. उरलेल्या भाडेतत्त्वावरच्या, म्हणजे गाडी आणि चालक ठेकेदाराचा, आणि बेस्ट त्याला किलोमीटरमागे पैसे देते. गाडी भरली की रिकामी धावली, यात ठेकेदाराचं काही अडत नाही. प्रवाशाचं अडतं, पण करारात त्याची सही नसते.

नव्या गाड्यांबद्दल थोडक्यात. विजेवरची एसी डबल डेकर फेब्रुवारी २०२३ मध्ये आली. रविवारी भाचीला घेऊन सीएसएमटी ते एनसीपीए (नरिमन पॉइंटचं कलाकेंद्र) या ए-११५ ने फिरलो. दोन दरवाजे, दोन जिने, आवाज जवळजवळ नाही, आणि वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढच्या सीटवरून मरीन ड्राइव्ह. डोळ्यांचं पारणं फिटलं. जुन्या डिझेलच्या डबल डेकर १५ सप्टेंबर २०२३ ला रस्त्यावरून गेल्या. त्यांना वर एक आणि खाली एक असे दोन कंडक्टर लागत, आणि खर्चाचं ते एक मोठं कारण सांगितलं जायचं. कंडक्टरचा पगार हा वाया गेलेला खर्च मानणाऱ्यांनी परळ टीटीला तासभर उभं राहावं.

वेळ असेल तर आणिक आगारातलं बेस्टचं संग्रहालय पाहा. ट्रामच्या आणि जुन्या बसच्या प्रतिकृती, जुनी तिकिटं आणि कंडक्टरचं सामान तिथे आहे. माझ्या लहानपणी कंडक्टर तिकिटांचा तो पत्र्याचा ट्रे काखेत धरून पंचने दांड्यावर टकटक करत यायचा, आणि त्या आवाजावर सगळी गाडी खिशात हात घालायची. दोरी एकदा ओढली की थांबा, दोनदा ओढली की चला. मुलांना आवर्जून दाखवा.

आता तारे. चालक-कंडक्टरांना पाच. प्रवासाच्या सोयीला चार. दराला एप्रिलपर्यंत पाच दिले असते, आज दोन. पाच किलोमीटरच्या आत रोज जाणाऱ्यांनी पास काढण्याआधी सुट्या तिकिटांचा महिन्याचा हिशोब नक्की करावा. एखादी बाजू चालत जाणाऱ्याला सुटं तिकीटच स्वस्त पडू शकतं. आणि पुढच्या निवडणुकीत प्रभागातला उमेदवार दारात आला की त्याला दोनच गोष्टी विचारा: बेस्टच्या स्वतःच्या गाड्या किती आणणार, आणि पहिल्या टप्प्याचं भाडं किती ठेवणार. मी विचारणार आहे.