मॅसॅच्युसेट्सचं संविधान घ्यावं की कॅलिफोर्नियाचं?

तौलनिक संविधानाच्या पेपरसाठी अमेरिकेतल्या एका राज्याचं संविधान निवडायचं होतं, तेव्हा माझ्यासमोर शेवटी हीच दोन उरली. दोन्ही वाचायला घेतली, काम एकावरच पूर्ण झालं.

चालू राजकारणात रस असेल तर कॅलिफोर्निया सोडवत नाही. १९११ पासून तिथले मतदार सह्या गोळा करून घटनादुरुस्ती थेट मतदानाला आणू शकतात आणि मंजुरीला साधं बहुमत पुरतं. १९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’ ने मालमत्ता कराला एक टक्क्याची मर्यादा अशीच संविधानात बसवली. मॅसॅच्युसेट्समध्येही लोकांना पुढाकार घेता येतो, पण अशा दुरुस्तीला लागोपाठच्या दोन विधिमंडळांत किमान एकचतुर्थांश सदस्यांचा पाठिंबा लागतो.

माझं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. कॅलिफोर्नियाच्या १८७९ च्या संविधानातला एकोणिसावा भाग चिनी लोकांविरुद्ध होता. कंपन्यांनी त्यांना कामावर ठेवायचं नाही, असं त्यात लिहिलं होतं. तो मूळ शब्दांत वाचायला आजची प्रत उघडली, तर त्या क्रमांकाखाली इंधन आणि वाहन करांचा पैसा कुठे खर्चावा, हे निघालं! जुना भाग १९५२ मध्ये रद्द झाला आणि पुढे त्याचा क्रमांकही दुसऱ्या विषयाला गेला. आपल्या संविधानात कलम ३१ वगळलं, तरी क्रमांक जागेवर आहे आणि ते कधी, कोणत्या दुरुस्तीने गेलं हेही छापलेलं असतं. त्या सवयीमुळे मला हे फार खटकलं. एकेका कलमासाठी जुन्या प्रती धुंडाळण्यात माझे दोन आठवडे गेले.

मॅसॅच्युसेट्समध्ये १७८० चा मजकूर जागेवर राहतो आणि दुरुस्त्या शेवटी जोडल्या जातात. पानं मागेपुढे करावी लागतात, पण काही पुसलं जात नाही. ‘सर्व पुरुष जन्मतः स्वतंत्र आणि समान’ हे पहिलं कलम तिथे आहे. १७८३ मध्ये मुख्य न्यायमूर्ती विल्यम कुशिंग यांनी त्याच्याच आधारे गुलामगिरी या संविधानाशी विसंगत ठरवली. १९७६ ची १०६ वी दुरुस्तीही तिथेच आहे, ‘पुरुष’ च्या जागी ‘लोक’ आणणारी. दोन्ही वाक्यं एकाच दस्तऐवजात वाचताना मी खरोखर हलून गेलो.

कर आणि निवडणुका हाच तुमचा विषय असेल, तर कॅलिफोर्निया कदाचित जास्त देईल. नाहीतर मॅसॅच्युसेट्स घ्या आणि दुरुस्त्यांची पानं वेगळी छापून शेजारी ठेवा.