पद्मिनीची मागची बेअरिंगं आणि सातपूरचा प्रेसवाला

नाशिकरोडला ‘प्रेसमध्ये होतो’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. बत्तीस वर्षं नोट प्रेसमध्ये काढली. रिटायर झाल्यावर पुन्हा प्रेसची पायरी चढलो ती सातपूर एमआयडीसीत, एका गाळ्यातल्या हायड्रॉलिक प्रेसची. त्या गाळ्याबद्दलच लिहितोय.

गाडी १९८७ ची प्रीमियर पद्मिनी, वडिलांची. सिन्नरला जाताना चाळीसच्या वर गेली की मागून घूं घूं व्हायचं. दोघा मेस्त्रींनी ‘डिफरन्शियल गेलं’, म्हणजे मागच्या दोन चाकांमधली गिअरची पेटी गेली, म्हणून खर्चाचा आकडाही सांगून टाकला. मी घरी मागची बाजू जॅकवर घेतली, एक हात मागच्या स्प्रिंगच्या पाट्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवलं. उजवीकडे काही नाही. डावीकडे पाट्यातून खरखर थेट हाताला लागली, जात्यात खडा आल्यासारखी. डिफरन्शियल शाबूत होतं, बेअरिंग गेलं होतं. उघडतोच आहे तर दोन्हीकडची बदलू म्हटलं.

ड्रम काढला तर ब्रेक शू तेलाने चिंब. ॲक्सलच्या हाउसिंगवरचा, म्हणजे बाहेरच्या कवचावरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं भोक) चिखलाने बुजला होता. आत दाब साठला की तेल सील ओलांडून येणारच. तो साफ न करता नुसतं नवं सील घालणारे पुन्हा दोन महिन्यांत बोंबलत येतात.

बेअरिंग ज्यावर बसतं तो ॲक्सलचा शाफ्ट काही हलेना. ड्रम उलटा लावून ठोकायचा सल्ला सगळेच देतात, पण बिडाचा ड्रम चिरला तर दुसरा कुठून आणू? हा गाळेवाला सरकत्या वजनाचा पुलर हजार रुपये डिपॉझिटवर देतो, आणि परत नेला की पूर्ण हजार हातावर ठेवतो. चार दणक्यांत शाफ्ट बाहेर.

बेअरिंगचा नंबर इथे देत नाही. आधीच्या कुणी काय बसवलंय ते गाडी उघडल्याशिवाय कळत नाही, तेव्हा जुन्याच्या कडेवरचा नंबर वाचून घ्या. पहिली जोडी मी गावातल्या एका दुकानातून आणली. खोकं नावाजलेल्या कंपनीचं, पण त्यावरच्या दोन रंगांचं रजिस्टर जुळत नव्हतं, म्हणजे रंगाशेजारी रंग नेमका बसला नव्हता. निळ्याच्या कडेला केसाएवढी पांढरी फट. आमच्याकडे असा ताव निघाला असता तर बाजूला गेला असता. बेअरिंगच्या रिंगवरचा नंबर थिनरच्या बोळ्याने पुसला, निम्मा गेला! दुकानदार म्हणतो, “काका, एवढं कोण बघतं?” पैसे परत घेतले आणि दुसरीकडून बिलासकट नवी जोडी आणली.

आता खरं काम. या ॲक्सलवर बेअरिंगमागे एक कॉलर घट्ट बसवलेली असते, चाक शाफ्टसकट बाहेर येऊ नये म्हणून. ती घरी छिन्नीने फोडताना शाफ्टला चरा पडला तर शाफ्टच बाद. गाळ्यातल्या पोराने कॉलरला भोक पाडलं, शाफ्टच्या अलीकडे थांबला आणि छिन्नीचा एकच घाव घातला. कॉलर बदामासारखी उकलली.

मी रुबाबात नवं बेअरिंग पुढे केलं. मालकाने हात आडवा धरला. “काका, प्लेट कुठंय?”

बेअरिंग हाउसिंगमध्ये धरून ठेवणारी प्लेट. ती बेअरिंगच्या आधी शाफ्टवर ओवायची. मागाहून जातच नाही. माझी प्लेट घरी ओट्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली. जेलरोड ते सातपूर, परत जेलरोड, परत सातपूर. दुसरा कुणी असता तर मुकाट्याने दाबून मोकळा झाला असता, आणि मी नवं बेअरिंग पुन्हा फोडायला आणलं असतं.

दाबताना त्याने नुसत्या आतल्या रिंगवर बसेल असा पाइपचा तुकडा लावला. बाहेरच्या रिंगवर जोर दिला तर तो गोळ्यांमधून जातो आणि नवीन बेअरिंगला पहिल्याच दिवशी खळगे पडतात. कॉलर मात्र तापवून घातली, बेअरिंगला आच लागू दिली नाही. एका बाजूचे तीनशे रुपये. घरी मी हे लाकडी ठोकळा आणि घणाने करणार होतो, हे त्याला सांगितलं नाही.

कुरकुरीही आहेत. बिल मागितलं की कान बंद. दुपारी चारपर्यंत कंपन्यांचं जॉबवर्क, तोवर आपल्याकडे बघत नाही. बसायला ऑइलचा रिकामा डबा. शनिवारी गाळा बंद, आणि फोन उचलणं त्याच्या तत्त्वात बसत नाही.

शाफ्ट नेण्याआधी डिझेलने स्वच्छ धुऊन न्या. नाही नेला तर तिथे धुवावा लागतो, तोही आपणच; ब्रश तो देतो.