पाट्याला टाकी: जळगावच्या बाजारातली सेवा, पाचपैकी चार

टाकी म्हणजे झिजून गुळगुळीत झालेल्या पाट्यावर छिन्नीनं पुन्हा घाव घालणं; ती मारणाऱ्या बाईंचं काम चोख. पाटा कोरडा अन् बिनतेलाचा हवा, ही बाईंची पहिली अट. तेलकट दगडावर छिन्नी घसरते. आदल्या दिवशी सोड्याच्या गरम पाण्यानं घासून उन्हात ठेवावा.

घाव उथळ, जेमतेम मिलिमीटरभर, आणि मधल्या भागात दाट पडलेत. खोल घाव दिसायला झकास, पण त्यात मसाला अडकून आंबतो. फार उथळ घाव लवकर झिजतात. वरवंट्यालाही हलकी टाकी मारून घ्या, नाहीतर गुळगुळीत वरवंटा खोबऱ्यावरून नुसता सरकतो.

एक तारा का कापला? छिन्नीच्या कपच्या उडतात, पण बाईंच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. शिवाय नंतर पाट्यावरची दगडाची कच काढायची कशी, हे विचारल्याशिवाय सांगत नाहीत. ताठ ब्रशनं धुवा, मूठभर भिजवलेले तांदूळ वाटून फेका; बोटांत चिमटून कचकच लागेनाशी होईपर्यंत पुन्हा वाटा. शेवटी जाडं मीठ.

शेवभाजीसाठी भाजलेला कांदा-खोबरं आता पाण्याच्या दोन-तीन शिंतोड्यांत बारीक होतं. मिक्सरला याहून जास्त पाणी लागतं, मग तर्री सुटायला वेळ जातो.