व्हाइट टर्फ, सेंट मॉरिट्झ: शर्यत एक नंबर, आमचं पॅकेज मात्र फसलं

फेब्रुवारीत स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झला गोठलेल्या तलावावरची घोड्यांची शर्यत, म्हणजे व्हाइट टर्फ, बघून आलो. फोटो पाठवले तसं जो तो विचारतोय जावं का, किती खर्च, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी रडगाणं. आम्ही झुरिकमधल्या एका टूरवाल्याचं दिवसभराचं पॅकेज घेतलं (नाव घेत नाही), त्याची बस निघालीच पाऊण तास उशिरा, मग युलियर घाटात ट्रॅफिक, तलावावर पोचेपर्यंत पहिल्या दोन शर्यती संपलेल्या, आणि "वेलकम ड्रिंक" म्हणून मिळालं काय तर कागदी कपात कोमट चहा. त्यापेक्षा सरळ ट्रेनने जा. कूरला गाडी बदलायची, पुढे अल्बुला लाइनची लाल गाडी, पूल-बोगदे बघत बघत जाता येतं आणि सेंट मॉरिट्झचं स्टेशन तलावाला लागूनच आहे. हे आधी कळलं असतं तर!

आता शर्यत. फेब्रुवारीतले तीन रविवार असतात, तलावावर 1907 पासून चालू आहे. साधी घोडदौड असते, घोडे घसरगाड्या ओढतात तीही असते, पण आम्ही गेलो होतो स्कीयोरिंगसाठी. ह्यात घोड्यावर कोणीच बसत नाही. मागे लांब लगाम धरून स्कीवर माणूस, पुढे थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीचा घोडा. वेग ताशी 50 किलोमीटरच्या आसपास आणि ब्रेक नावाचा प्रकारच नाही. 1928 च्या विंटर ऑलिम्पिकमध्ये सेंट मॉरिट्झलाच हा खेळ प्रदर्शनापुरता ठेवला होता, तेव्हा तिन्ही नंबर स्विस लोकांनीच मारले.

माझा नवरा मंचरचा, बैलगाडा शर्यतीच्या घाटात वाढलेला, त्यामुळे त्याला सहसा कशाचं कौतुक नसतं. सुरुवातीला घोडे जागेवर ठरेनात, एक गोल फिरला, त्याच्यामागचा माणूस दोऱ्यांत गुंतता गुंतता वाचला, तेव्हा हा हसत होता. आणि सुटले ना, तसा गप्पच झाला. मग हळूच म्हणतो, "अगं, आपल्याकडे निदान गाडा तरी असतो, ह्याच्या पायाखाली नुसत्या दोन फळ्या!"

आवाज मला वाटला होता तसा नव्हता. टापांचा खणखणाट नाही, गादी बडवल्यासारखा धप् धप् आवाज आणि त्यात मागच्यांच्या आरोळ्या. पहिल्या वळणाला सगळे एकगठ्ठा आले तेव्हा पुढच्या घोड्यांच्या खुरांनी उडवलेल्या बर्फाचा असा पांढरा लोट उठला की शेवटचे दोघं दिसेचनात, नुसते घोड्यांचे कान वर. त्या माणसांना समोरचं काय दिसत असेल देव जाणे, घोड्यावर भरवसा टाकून जायचं बस्स. संपल्यावर एकजण आमच्यासमोरूनच गेला, त्याने गॉगल वर केला तर डोळ्यांभोवती तेवढी कोरडी वर्तुळं आणि दाढीत बर्फाच्या गाठी, आणि हसतोय!

2700 मीटर म्हणजे तीन-सव्वातीन मिनिटांत खेळ खल्लास. बाकी वेळ वाट बघणं, फर कोट घातलेली माणसं बघणं आणि खाणं. ब्युंडनर, म्हणजे इथल्या भागातलं, जवाचं सूप घ्या, थंडीत तेच कामाला येतं, अक्रोडाचा टार्ट गोड फार आहे पण पोट भरतं. भाव सेंट मॉरिट्झचेच, रुपयात हिशोब करत बसू नका.

घोड्यांचं वाईट वाटतं का, तर हो, थोडं वाटतं. नालांना घसरू नये म्हणून खिळे असतात, तरी 2017 मध्ये साध्या घोडदौडीत बर्फाच्या भेगेमुळे घोडे पडले, एक घोडा गेला आणि त्या दिवशीच्या उरलेल्या शर्यती रद्द झाल्या. ज्यांना हे बघवत नाही त्यांनी जाऊच नका.

बाकीच्यांनी शक्यतो तिसरा रविवार धरा. तिन्ही रविवारचे पॉइंट मिळून स्कीयोरिंगचा "किंग ऑफ द एंगाडिन" (एंगाडिन म्हणजे इथलं खोरं) ठरतो, त्यामुळे त्या दिवशी चुरस जास्त. जागा वळणाजवळची बघा, तलावाच्या पलीकडच्या बाजूला घोडे मुंग्यांएवढे दिसतात. आणि सॉक्स दोन जोड घाला, पाय दिवसभर बर्फावर असतात, मी एकच घातला होता आणि उजवा अंगठा पार कूर येईपर्यंत बधिर होता.