टाकी चोख, माशांचा सल्ला अपुरा: नागपुरातील एका दुकानाचा सात महिन्यांचा अनुभव

पश्चिम नागपुरातील एका दुकानातून मी गेल्या नोव्हेंबरमध्ये तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी काचेची टाकी, स्टँड, टॉप फिल्टर (टाकीच्या वर बसणारी पाणी गाळण्याची यंत्रणा) आणि झाकण घेतले, नंतर मासेही तिथूनच घेतले. दुकानाचे नाव येथे देत नाही, कारण नंतर आणखी तीन ठिकाणी चौकशी केली तेव्हा तिथेही मला तसाच सल्ला मिळाला.

टाकीच्या कामाबद्दल मात्र माझी काहीही तक्रार नाही. सिलिकॉनचे जोड सफाईदार आहेत आणि आजवर थेंबभरही गळती झालेली नाही. टाकी बसवायला आलेल्या मुलाने स्टँडची पातळी मोजून घेतली, काचेखाली थर्माकोल अंथरला आणि पाणी भरल्यावर मासे आणण्याची घाई करू नका, असेही बजावले.

पुढे मी 20 नियॉन टेट्रा (निळ्या-लाल पट्ट्यांचे इवलेसे मासे), 6 मॉली, 4 कोरी, 1 सकर (काच आणि तळ चाटणारा मासा) आणि 4 एंजल घेतले. हे सगळे एकत्र राहतील ना, असे मी दोनदा विचारले. ‘‘काही नाही होत जी काका, कम्युनिटी टँकचेच मासे आहेत हे,’’ असे उत्तर मिळाले. तेव्हा एंजल रुपयाच्या नाण्याएवढे होते आणि नियॉनकडे ढुंकूनही पाहत नव्हते.

एप्रिलच्या अखेरीस माझ्या नातीने नियॉन मोजले, तर ते 17 भरले. आठवडाभराने 14 उरले आणि मेच्या मध्यापर्यंत 12. मेलेला मासा एकदाही दिसला नाही. दुकानात फोन केल्यावर उन्हाळ्याने मरत असतील आणि मेलेले सकर खात असेल, असे सांगून त्यांनी निळे औषध आणि टॉनिक दिले. हे पटण्यासारखे होते. पारा 45 अंशांच्या आसपास होता आणि खोलीत कूलर असूनही टाकीतले पाणी 31 अंशांपर्यंत जात होते. नियॉन हा साधारण 20 ते 26 अंशांच्या पाण्यात सुखाने राहणारा मासा. शिवाय पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि एवढासा मेलेला मासा सकर व गोगलगायी रात्रीतून संपवू शकतात. तरीही मी स्टँडच्या मागे पाहिले, फिल्टरचा स्पंज काढून पाहिला, उडी मारून बाहेर पडला असेल म्हणून सोफाही सरकवला. थेंबांच्या किटने पाण्यातले अमोनिया आणि नायट्राइट हे माशांना विषारी घटक तपासले, ते दोन्ही शून्य निघाले.

उलगडा एका पहाटे साडेपाचच्या सुमारास झाला. खोलीत नुकते फटफटत होते, टाकीचा दिवा बंद होता आणि नियॉन झाडांच्या मुळाशी फिकट पडून जवळजवळ स्थिर उभे होते. सर्वांत मोठा एंजल त्यांच्यासमोर थांबलेला दिसला. त्याच्या तोंडातून एक बारीक लालसर शेपूट बाहेर आली होती आणि ती अजून हलत होती. मी दिवा लावेपर्यंत त्याने ती गिळली.

एंजल सिक्लिड कुळातला, मूळचा अॅमेझॉनच्या खोऱ्यातला मासा आहे. तो सुमारे 15 सेंटीमीटरपर्यंत वाढतो, तर नियॉन तीन-चार सेंटीमीटरच्या पुढे जात नाही. रात्री नियॉनचा रंग फिका पडतो आणि तो सुस्तावतो, त्यामुळे पहाटेच्या अंधुक उजेडात तो सहज सापडतो. तोंडात मावेल तो मासा एंजल खातो. यात त्याचा दोष नाही. दोष विक्रीच्या वेळी मासा पुढे किती वाढेल हे न सांगण्याचा आहे, आणि तो मला गंभीर वाटतो, कारण त्याची किंमत नऊ मुक्या जिवांनी मोजली. दुकानातल्या प्रत्येक टाकीवर भाव लिहिलेला आहे. त्याच चिठ्ठीवर पूर्ण वाढीची लांबी लिहायला एक ओळही पुरली असती.

‘टाकी साफ करणारा’ म्हणून दिलेल्या सकरचेही तसेच. बोटभर लांबीचा हा मासा पुढे फूटभर किंवा त्याहूनही मोठा होतो आणि तीन फुटी टाकी त्याला पुरत नाही. मोठा झाला म्हणून कोणी तो अंबाझरी किंवा फुटाळा तलावात सोडू नये, ही कळकळीची विनंती. भारतात अनेक ठिकाणच्या तळ्यांत आणि नद्यांत तो असाच शिरला असून तिथल्या स्थानिक माशांना त्रासदायक ठरतो आहे.

तक्रार केल्यावर दुकानदाराने वाद न घालता चारही एंजल आणि सकर परत घेतले. पैसे दिले नाहीत, पण बदल्यात झाडे दिली. औषधाचे पैसे मात्र वाया गेले. टाकी, फिल्टर आणि बसवणी यांसाठी मी या दुकानाला पाचपैकी साडेचार गुण देईन, माशांच्या सल्ल्यासाठी दीड. तिथून टाकी अवश्य घ्यावी, पण माशांची यादी घरूनच करून न्यावी आणि प्रत्येक माशाची पूर्ण वाढीची लांबी आधी पाहून ठेवावी.

एंजल गेल्यापासून तीन आठवडे झाले, नियॉन 11 चे 11 आहेत. आणखी 10 आणायचे आहेत, पण पावसाळा स्थिरावून पाणी 27 अंशांच्या खाली उतरल्यावरच.