समृद्धी महामार्ग: रस्ता एकच नंबर, पण मधे उतरा राव

समृद्धीबद्दल सगळे स्पीडचंच सांगतात, म्हणून म्हटलं जरा दुसऱ्या बाजूनं पण लिहावं. रस्ता म्हणून पैकीच्या पैकी. 701 किमी, 10 जिल्हे, कारला 120 ची लिमिट, आणि जून 2025 ला इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा चालू झाल्यापासून कसारा घाटाची कटकट पण संपली, तिथं जवळपास 8 किमीचा बोगदाच आहे. नागपूर-मुंबई आता 8 तासांवर आलंय.

पण ज्या 392 गावांच्या शिवारातून हा रोड गेला त्यांचं काय? जमिनीचे पैसे चांगले मिळाले, थेट खरेदीत सरकारी दराच्या पाचपट, हे मान्यच करायला पाहिजे. पण ते एकदाच ना. रोजचं गिऱ्हाईक कुठंय? जुन्या रोडला गाडी थांबली की चहा, भजी, पंक्चर, शेंगा, चार पैसे गावातच राहायचे. समृद्धीला दोन्हीकडून कुंपण, चढायचं-उतरायचं फक्त इंटरचेंजला. सेफ्टीसाठी ते पाहिजेच, 120 च्या रोडवर हातगाडी नकोच, पण मग गाड्या गावाला लागून जातात आणि गावाला त्यातलं काहीच येत नाही.

इंटरचेंजजवळ मात्र फरक पडतो, हॉटेलं, गॅरेज, प्लॉटिंगचे बोर्ड. म्हणूनच इंटरचेंजला धरून जी नवनगरं ठरलीत, गोदामं, शीतगृहं, प्रक्रिया उद्योग, ती लवकर उभी राहायला पाहिजेत, माझ्या मते सगळा खेळ तिथंच आहे. आपल्याकडं सोयाबीन, तूर, संत्री पिकणार आणि तेल, डाळ, ज्यूस दुसरीकडं बनणार असेल तर रोडमुळं माल फक्त लवकर बाहेर जाणार, पोरांना काम नाही मिळणार.

रेटिंग: रोडला 5 पैकी 5, गावांच्या फायद्याला सध्या अडीच.

जाणाऱ्यांना एकच सांगणं, टोल किलोमीटरवर आहे, म्हणून मधे उतरायला घाबरू नका. सिंदखेडराजाला उतरा, जिजाऊंचं जन्मस्थान बघा, नाहीतर मेहकरला उतरून लोणार सरोवर करा. आणि जेवण तिथल्याच एखाद्या खानावळीत घ्या, भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी, मस्त असतं, डबा बांधून नेऊ नका.